मामाकडं राहतंय, पण कागदावर कुठंय?

तुमच्या वर्गात असा एखादा मित्र असेलच. 'गाव कुठलं?' विचारलं की मामाचं गाव सांगतो. बापाचं गाव विचारलं की विषय बदलतो.

बीड जिल्ह्यात याचं कुणाला नवल वाटत नाही. धुळे-सोलापूर हायवेवरचं आपलं चौसाळाच घ्या. दिवाळीच्या आगेमागे या पट्ट्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. तो जातो फडात आणि पोरं राहतात आजीकडं. हंगाम संपला की आई-बाप परत येतात. पण काहींच्या घरी कुणीच परतत नाही. अपघात होतो, आजारपण येतं, कर्जापायी कुणी जीव देतं. मग आजीचं, मामाचं, मावशीचं घर हेच त्या पोराचं घर होतं. ना बैठक, ना सही, ना शिक्का. ताटं एकानं वाढतात, बस्स.

आपण याला सरसकट 'दत्तक घेतलं' म्हणतो. पण दत्तक वेगळं आणि संगोपन वेगळं. दत्तक म्हणजे कायमचं नातं. मूल कायद्यानं त्या घरचं होतं. नाव, वारसा, सगळं. सरकारी यंत्रणेतून ते करायचं तर बाल कल्याण समितीनं आधी मुलाला दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त जाहीर करावं लागतं. २०२२ पासून दत्तकाचा आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात.

पण सगळीच पोरं अशी मुक्त नसतात. कुणाची आई हयात असते, पण सांभाळू शकत नाही. कुणाचा बाप तुरुंगात असतो. अशा पोरानं अठरा वर्षांचं होईपर्यंत बालगृहातच राहायचं का? इथं दुसरी वाट आहे: प्रतिपालकत्व, म्हणजे फॉस्टर केअर. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात त्याची तरतूद आहे. कुटुंब मुलाला ठरावीक काळासाठी सांभाळतं, समिती लक्ष ठेवते आणि जन्मदात्यांशी असलेलं नातं तुटत नाही.

२०२४ मध्ये केंद्राच्या मार्गदर्शक सूचना बदलल्या. आता ३५ ते ६० वयाची एकटी व्यक्तीही प्रतिपालक होऊ शकते. एकट्या बाईला मुलगा किंवा मुलगी, कुणालाही सांभाळता येतं. एकट्या पुरुषाला फक्त मुलगा. आणि मूल दत्तकासाठी मुक्त असेल, तर दोन वर्षं सांभाळल्यावर तेच कुटुंब त्याला दत्तक घेऊ शकतं. आधी ही अट पाच वर्षांची होती. दहा वर्षांच्या पोरासाठी पाच वर्षं म्हणजे अर्धं आयुष्य, विचार करा.

आता मामाकडच्या पोराकडं परत येऊ. त्याच्यासाठी महाराष्ट्रात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. आई किंवा बाप गेलेलं, पालक गंभीर आजारी असलेलं किंवा तुरुंगात असलेलं मूल घरातच राहावं, संस्थेत जाऊ नये म्हणून महिन्याला २,२५० रुपये मिळतात. पूर्वी १,१०० मिळायचे. या पैशात श्रीमंती येत नाही, पण वह्या, एसटीचा पास आणि दवाखाना निघतो. शिवाय 'आमच्यावर बोजा आहे' हे वाक्य घरात जरा कमी ऐकू येतं. ते वाक्य पोरं विसरत नाहीत.

अडतं कुठं? आजीला अर्ज भरता येत नाही. मामा रोजंदारी बुडवून बीडच्या ऑफिसात किती चकरा मारणार? मृत्यूचा दाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, आधार, शाळेचा बोनाफाईड, बँकेचं पासबुक. यातला एक कागद कमी पडला की फाईल तिथंच.

हे काम तुम्हाला येतं. स्कॉलरशिपचे फॉर्म भरून भरून आपण सगळेच त्यात पटाईत झालोय. विशीत तुम्ही कुणाचे प्रतिपालक होणार नाही, पण आजीच्या शेजारी बसून एक अर्ज नक्की भरू शकता. तो बीडच्या जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात पोचवा, पोच घ्या. पुढं गृहभेट होते, मग बाल कल्याण समितीचा आदेश. आणि पोराला कुणीच सांभाळणारं नसेल, तर १०९८ ला फोन करा. पैसे लागत नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत गावी जालच. गल्लीत कोण कुणाकडं राहतंय, तुम्हाला ठाऊकच आहे. फक्त एवढं विचारा, 'मामा, याचा अर्ज भरलाय का?'