स्मृतिभ्रंश झालेले वृद्ध आणि अमेरिकेतील सरकारी साहाय्य

आपल्यापैकी पुष्कळांची मुले अमेरिकेत स्थायिक झाली आहेत. तिकडे म्हातारपणाची चिंता सरकार वाहते, अशी समजूत त्यामुळे आपल्याकडे रूढ झाली आहे. ती कितपत खरी, हे आम्ही स्मृतिभ्रंशाच्या उदाहरणाने पाहणार आहोत.

स्मृतिभ्रंशाचा रोगी अंगाने धडधाकट असू शकतो. पण त्याची शेगडी विझवावयाची राहते, घराची वाट चुकते, जेवण झाले की नाही हे आठवत नाही. त्याला औषधापेक्षा सोबतीची गरज अधिक. अशांसाठी तिकडे निवासगृहे आहेत. तेथे स्वतःची खोली, तयार जेवण आणि आंघोळीपासून कपडे घालण्यापर्यंत मदत मिळते. त्यांना 'असिस्टेड लिव्हिंग' म्हणतात. याचे पैसे कोण देतो?

१९६५ साली अध्यक्ष जॉन्सन यांनी दोन योजनांच्या कायद्यावर सही केली. पैकी मेडिकेअर हा मुख्यतः ६५ वर्षांवरील लोकांचा आरोग्यविमा. तो डॉक्टरचा व रुग्णालयाचा भार उचलतो. रुग्णालयातून सुटल्यावर कुशल शुश्रूषा लागली, तर शुश्रूषागृहासाठीही फार तर १०० दिवस साहाय्य करतो. नुसत्या देखरेखीला मात्र तो पैसा देत नाही.

दुसरी योजना मेडिकेड. ती गरिबांसाठी असून केंद्र व राज्ये मिळून चालवितात. पात्र रोग्याचा शुश्रूषागृहातील दीर्घ मुक्काम, राहण्याजेवणासह, ती सोसते. १९८१ च्या कायद्याने राज्यांना अशी मदत घरी किंवा निवासगृहातही पुरविण्याची वाट मोकळी झाली. पण मेख पुढेच आहे. निवासगृहात मेडिकेड मदतनिसाचे पैसे देते, खोलीभाड्याचे व जेवणाचे नाही. शिवाय शुश्रूषागृह हा पात्र माणसाचा हक्क, तर ही सवलत राज्याने ठरविलेल्या संख्येपुरती. संख्या भरली की रांग. आणि रोग काही रांगेत थांबत नाही.

पात्रतेची अटही कडक आहे. पुष्कळ राज्यांत एकट्या माणसाची शिल्लक २००० डॉलरच्या आसपास उतरावी लागते. मुलांना दिलेल्या देणग्या बहुतेक ठिकाणी मागील पाच वर्षांपर्यंत तपासतात. शुश्रूषागृहात गेलेल्या नवऱ्यापायी बायको कफल्लक होई, म्हणून १९८८ साली तिच्यासाठी काही मालमत्ता व उत्पन्न राखून ठेवण्याची तरतूद झाली. युद्धकाळात सेवा केलेल्या गरजू माजी सैनिकांना मिळणारा जादा भत्ता मात्र निवासगृहाच्या खर्चाला लावता येतो.

तात्पर्य, कायद्याने औषध हा रोगाचा खर्च मानला आणि सोबत ही घरची जबाबदारी मानली. आपल्याकडे २०२४ साली आयुष्मान भारत योजना ७० वर्षांवरील सर्वांना लागू झाली. तीही रुग्णालयातील उपचारांसाठीच. रात्री उठून दार उघडणाऱ्या सासऱ्यामागे धावते ती सून, आणि तिच्या श्रमांची नोंद कोणत्याच खात्यात होत नाही. म्हणून योजनेचे नाव ऐकून आपण निश्चिंत होऊ नये. औषधाचे, सोबतीचे आणि छपराचे पैसे कोण देणार, हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. आणि तेही घरातील वडीलधाऱ्यांची स्मृती शाबूत आहे तोवरच.