आधी उलटून बघा

जुन्या बाजारात एखादी वस्तू मनात भरली की किंमत विचारण्याआधी ती उलटी करावी. समोरची बाजू पुसूनपासून, पॉलिश मारून, कधी नव्याने रंगवून मांडलेली असते. खालची, मागची, आतली बाजू सजवत बसायला कुणाला वेळ नसतो, आणि वस्तूचा जन्मदाखला बहुतेक वेळा तिथेच सापडतो. पुण्यात बुधवारी-रविवारी भरणारा जुना बाजार असो की मुंबईच्या चोर बाजारातली मटन स्ट्रीट, हाती थोडे पैसे असताना घर सजवायला निघालेल्या माणसाला याइतकी श्रीमंत जागा दुसरी नाही, असं मला मनापासून वाटतं.

इराणी हॉटेलातली ती वळवलेल्या लाकडाची, गोल बैठकीची काळपट खुर्ची आठवा. तशी एखादी हाती लागली तर मागच्या एका पायाला अगदी जमिनीलगत बोट टेकवा आणि वर सरकवत न्या. पाय वर जातो, पाठ होतो, वरच्या टोकाला वळतो, दुसऱ्या अंगाने खाली उतरतो आणि दुसरा पाय होऊन जमिनीला टेकतो. वाटेत कुठेही सांधा लागत नाही. दोन पाय आणि पाठीची अख्खी कमान एकाच दांड्याची आहे!

या घराण्याची मूळ खुर्ची मिखाएल थोनेट या जर्मन सुताराची. त्याच्या कारखान्याची 14 नंबरची खुर्ची 1859 मध्ये बाजारात आली. बीच नावाच्या युरोपीय झाडाचा दांडा वाफेत ठेवला की लाकडाचे तंतू एकमेकांना धरून ठेवणारं लिग्निन मऊ पडतं. मग दांडा वाकवायचा. पण वाकताना आतली बाजू दाबली जाते आणि बाहेरची ताणली जाते. लाकूड दाब पुष्कळ सोसतं; ताण मात्र त्याला जरासाही चालत नाही, लगेच चिरफळ्या उडतात. थोनेटने बाहेरच्या अंगाला धातूची पट्टी घट्ट आवळून मग दांडा वाकवला. पट्टी ताणली जात नाही, म्हणून तिला चिकटलेलं लाकूडही ताणलं जात नाही. सगळा वाक आतल्या बाजूच्या दबण्यातूनच निघतो. किती साधी युक्ती, आणि तिच्यातून काय उभं राहिलं! सहा लाकडी भाग, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या केलेल्या 36 खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत आणि बोटीने जगभर जात. 1869 मध्ये थोनेटचा एकाधिकार संपला आणि इतर कारखानेही त्याच पद्धतीने खुर्च्या करू लागले. म्हणून बैठकीखाली डोकावायचं: कडेच्या आतल्या अंगाला कारखान्याचं डागलेलं नाव किंवा फाटक्या कागदी चिठ्ठीचा तुकडा कधी कधी अजून टिकलेला असतो. बीचला भुंगा लागतो, तेही तिथेच दिसतं. भोकं दिसली म्हणून लगेच मागे फिरू नका. खाली वर्तमानपत्र पसरून खुर्ची ठोका. ताजी पिठासारखी भुकटी पडली तर कीड जिवंत आहे, ती घरात आणू नये.

खुर्ची एकटी असेल तर ती स्वस्त पडते, हे जाता जाता सांगून ठेवतो. सहांचा संच मागणारं गिऱ्हाईक एकटीकडे बघत नाही. झाकण हरवलेली चिनी मातीची बरणी, जोडीतली एकच समई, उरलेली एकच फरशी यांचंही तेच. कमी पैशात घर सजवायचं तर अशा एकट्या राहिलेल्या वस्तूंकडे आधी वळावं.

फरशीवरून आठवलं. जुन्या घरांच्या दर्शनी भिंतींवर चकचकीत, उठावाच्या फरश्या दिसतात. काहींवर फुलं असतात, तर काहींवर चक्क कृष्ण किंवा लक्ष्मी. घर पाडताना त्या निघतात आणि बाजारात येतात. पालथी घातली की मागे इंग्रजीत ‘मेड इन जपान’ असा ठसा! विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत जपानी कारखाने खास भारतासाठी देवादिकांच्या फरश्या करत होते. त्यातल्या कित्येक चित्रांचं मूळ राजा रविवर्म्यांच्या छापील चित्रांत आहे. रविवर्म्यांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे जर्मन तंत्रज्ञाच्या हाताखाली एकेका रंगासाठी वेगळा दगड वापरून देव छापले जात. ते चित्र जपानात पोचलं, मातीवर उठलं आणि पुन्हा आपल्याकडच्या भिंतीवर येऊन बसलं. फरशी तिरकी धरली की उठावाच्या खोलगट जागी झिलई दाट साचून रंग गडद झालेला आणि उंचवट्यावर फिका पडलेला दिसतो. एकाच रंगातून छाया-प्रकाश दोन्ही मिळतात.

आणि पितळ. जुनी घंगाळं, हंडे, कळशा कित्येकदा किलोच्या भावाने, मोडीच्या दराच्या आसपास मिळतात. त्या दराला मी भाव मानत नाही, अन्याय मानतो. कारण त्यातलं बरंचसं काम हातोडीच्या एकेका ठोक्याने घडवलेलं असतं. पुण्याच्या तांबट आळीत याला मठारकाम म्हणतात. ठोक्यागणिक पडलेला छोटा सपाट पैलू उजेड वेगळा परतवतो आणि धातूही त्या माराने कणखर होतो. भांड्याचा काठ मात्र सावकाश वाचावा. लग्नात, मुंजीत दिलेल्या भांड्यांवर नावं घालायची आपल्याकडची रीत. देणाऱ्याचं नाव, घेणारीचं नाव, तारीख. छिन्नीने घातलेली अक्षरं ठसठशीत, तुटक तुटक रेघांची असतात; यंत्राच्या पेनाने काढलेली उथळ आणि थरथरती. तारीख नसली तरी मागमूस असतो. शेर-पायलीचं माप असेल तर ते दशमान पद्धत आपल्याकडे रुळण्याआधीचं असण्याची शक्यता मोठी. दशमान मापांचा कायदा 1956 चा. दुकानाच्या पत्र्याच्या पाटीवर भाव आण्यांत असेल तर ती साधारणपणे एप्रिल 1957 च्या आधीची, आणि ‘नये पैसे’ लिहिलं असेल तर 1957 ते 1964 या सात वर्षांतली. अट एकच, पाटी खरी हवी. हल्ली नव्या पाट्या जुन्या करून विकतात, भोंग्याचे ग्रामोफोनही नव्याने जुळवून विकले जातात. सगळीकडे सारखाच, बेताबेताने पसरलेला गंज दिसला की सावध व्हावं.

शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू परदेशातल्या मुलीसाठी घ्यायचा विचार असेल तर थांबा. 1972 च्या पुरावस्तू कायद्याने ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही.

नजर तयार करायची असेल तर बाजाराआधी पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा. कवी असलेल्या दिनकर केळकरांनी आयुष्यभर अडकित्ते, दिवे, वज्र्या, फण्या, दौती, दारं असं घरगुती सामान गावोगाव हिंडून जमवलं, दिवंगत मुलाच्या नावाने संग्रहालय उभं केलं आणि 1975 मध्ये ते सरकारला देऊन टाकलं. अडकित्त्यांच्या कपाटासमोर जरा जास्त वेळ थांबा. मुठी कुठे झिजल्यात, बिजागरी कशी बसवलीय, खरी झीज हाताच्या पकडीच्या जागीच कशी असते, हे बघून घ्या आणि मग रविवारी बाजार गाठा.