खेळातल्या घराला खिडकी हवी!

‘माइनक्राफ्ट’ हा खेळ तुमच्यापैकी अनेकांच्या परिचयाचा असेल. २०११ पासून तो मोबाइलवरही खेळता येतो. त्यातील जग एक मीटर बाजू असलेल्या घनाकृती ठोकळ्यांचे आहे. लाकूड, माती, दगड गोळा करायचे, रात्र पडण्यापूर्वी निवारा उभारायचा, भूक भागवायची आणि तग धरून राहायचे, असा त्यातील एक प्रकार आहे. अशा खेळात नवे काय हवे, असे विचारले की मुले चटकन नवे शस्त्र किंवा नवा प्राणी सुचवतात. पण ज्या सूचनेमुळे खेळणाऱ्याला विचार करून नवा निर्णय घ्यावा लागतो, ती सूचना खरी. अशा दोन सूचना पदार्थविज्ञानाच्या मदतीने आपण तयार करू या.

पहिली सूचना : भिंतीतून जाणारी उष्णता

या खेळातील हिमप्रदेशात घर दगडाचे बांधा की लाकडाचे, ऊब सारखीच! भुसभुशीत हिमात रुतल्यावर मात्र खेळाडू गारठतो. ही सोय २०२१ मध्ये आली. मग घरालाही हाच न्याय का लावू नये?

भिंतीतून दर सेकंदास किती उष्णता बाहेर जाते, हे चार गोष्टींवर अवलंबून असते. भिंतीचे क्षेत्रफळ, आतल्या व बाहेरच्या तापमानांतील फरक आणि पदार्थाची उष्णतावाहकता यांचा गुणाकार करावयाचा आणि त्यास भिंतीच्या जाडीने भागावयाचे.

समजा, आपली खोली आतून ३ मीटर लांब, ३ मीटर रुंद व ३ मीटर उंच आहे. चार भिंती व छप्पर मिळून क्षेत्रफळ ४५ चौरस मीटर होईल. जाडी एका ठोकळ्याची, म्हणजे १ मीटर. आत २० अंश सेल्सिअस व बाहेर उणे १० अंश, म्हणजे फरक ३० अंशांचा. ग्रॅनाइटची वाहकता सुमारे २.५ वॅट प्रति मीटर प्रति अंश असते, तर कोरड्या लाकडाची सुमारे ०.१५. आता गुणाकार करा. दगडी घरातून सुमारे ३,४०० वॅट उष्णता निसटते, तर लाकडी घरातून अवघी २०० वॅट!

याचा अर्थ काय? एक किलोग्रॅम वाळलेले सरपण जळाले की सुमारे १६० लाख ज्यूल उष्णता मिळते. ती सर्व खोलीतच राहिली असे मानले, तरी दगडी घराला दिवसाकाठी सुमारे १८ किलोग्रॅम सरपण लागेल. लाकडी घराला जेमतेम १ किलोग्रॅम. स्वस्थ बसलेला माणूस सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे लाकडी घरात दोन माणसे नुसती बसली, तरी भिंतींतून जाणारी उष्णता भरून निघेल. (जमीन, कोपरे आणि भिंतीलगतचा हवेचा थर यांचा विचार आपण सोयीसाठी सोडून दिला आहे.)

खेळात हिमाचे ठोकळे आणि बर्फाचे ठोकळे असे दोन्ही मिळतात. त्यांपैकी कोणते बरे? हिमाचे. कारण हिमाच्या कणांमध्ये हवा अडकून राहते आणि स्थिर हवा ही उष्णतेची फार मंद वाहक आहे. उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोक आपले ‘इग्लू’ घट्ट दाबलेल्या हिमाचे बांधत, ते याच कारणाने. लोकरी स्वेटर आपल्याला उबदार वाटतो, त्याचेही इंगित हेच.

आता खेळाडूपुढे खरा पेच उभा राहतो. दगडी घर मजबूत, पण सरपण खाणारे. लाकडी घर उबदार, पण आग लागण्याचे भय असलेले. निवड त्याने करावयाची!

दुसरी सूचना : श्वासासाठी हवा

खेळातील मशाल कधीच विझत नाही. सर्व बाजूंनी बंद केलेल्या खोलीतही ती जळतच राहते आणि खेळाडू खुशाल झोपतो. खऱ्या जगात हे घडणे शक्य नाही. ज्वलनाला ऑक्सिजन लागतो. तो कमी पडला की ज्वलन अपुरे होते आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. याला ना रंग, ना वास. रक्तातील हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा याला दोनशेहून अधिक पट घट्टपणे धरून ठेवते. साहजिकच शरीराला ऑक्सिजन मिळेनासा होतो. डोके दुखते, गरगरते, आणि झोपेत असलेल्या माणसाला तर काही कळतही नाही. उत्तर भारतात कडाक्याच्या थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपल्यामुळे माणसे दगावल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात.

या खेळात पाण्याखाली गेले की श्वासाचे बुडबुडे एकेक करून कमी होतात. तसा काही नियम बंद खोलीतील आगीलाही असावा. फरक इतकाच, की येथे बुडबुडे दाखवू नयेत. पडदा हळूहळू धूसर होत जावा. कारण हा शत्रू चाहूल न देता येतो.

मग उपाय? खिडकी. पण खिडकीतून ऊबही जाणार! किती जाते, ते पाहू. खोलीतील हवा २७ घनमीटर. एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२ किलोग्रॅम आणि एक किलोग्रॅम हवा एक अंशाने तापवण्यास सुमारे १,००० ज्यूल लागतात. तेव्हा सर्व हवा एकदा बदलली, की ती ३० अंशांनी तापवण्यास जवळजवळ १० लाख ज्यूल खर्ची पडतील. तासाला एकदा याप्रमाणे दिवसभर हवा बदलली, तर सुमारे दीड किलोग्रॅम सरपण जास्त लागेल.

गंमत पाहा! लाकडी घरात भिंतींपेक्षा खिडकीचाच खर्च अधिक. म्हणूनच थंडीने कुडकुडणाऱ्या माणसाला फटी बुजवण्याचा मोह होतो. पण तो दीड किलोग्रॅम सरपणाचा खर्च म्हणजे जिवाची किंमत आहे. आणि शेगडीच्या बाबतीत केवळ खिडकीवरही विसंबू नये. झोपण्यापूर्वी ती खोलीबाहेरच ठेवावी. खेळात एकदा हरून हा धडा मिळाला, तर घरात तो शिकण्याची पाळी येणार नाही.

आता तुम्हीही एक सूचना तयार करा. तीन ओळी पुरेत : निसर्गाचा नियम कोणता, त्याचे आकडे काय आणि खेळणाऱ्यापुढे पेच कोणता. शिक्षकांनी हाच हिशेब वर्गखोलीची मापे घेऊन मुलांकडून करून घ्यावा. पण मापे घेण्याआधी खिडक्या उघडा!