पाणी खाणारी गाडी

शिरूरहून न्हावऱ्याकडे जाताना जानेवारीत उसाच्या ट्रकमागे अडकणं नवीन नाही. नवीन होता तो धूर. चढाला काळा धूर ओकणाऱ्या गाड्या सवयीच्या. ही पांढरा सोडत होती आणि त्याला इस्त्रीखालच्या दमट कापडासारखा वास येत होता. थोडं पुढे जाऊन ट्रक कडेला थांबला. ड्रायव्हर उतरला, केबिनमागे बांधलेला निळा कॅन सोडला आणि चिंधीने धरून रेडिएटरचं झाकण जपून फिरवलं. वाफ गेल्यावर त्याने पाणी ओतायला सुरुवात केली.

"फेरीला दोन कॅन पिती," तो म्हणाला. गोठ्यातल्या म्हशीबद्दल बोलावं तसा. मग लगेच, "पण बारा लाख पळालीय, साहेब. बारा लाख."

ड्रायव्हर तोच, मालकही तोच. दुसऱ्या दिवशी गाडी दौंडच्या बाजूला एका गॅरेजला लावणार होता. मी येऊ का विचारल्यावर त्याला नवल वाटलं. "या की. पण बघण्यासारखं काय हाय त्यात?"

गॅरेज म्हणजे एक पत्र्याची शेड, पुढे कडुनिंब, जमीन ऑइल पिऊन काळी झालेली. मिस्त्री पन्नाशीचे, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी इंजिनाला हातसुद्धा लावला नाही. आधी रेडिएटरमध्ये बोट बुडवलं आणि नाकाशी नेलं. मग तेच बोट माझ्यापुढे धरलं. गंज आणि ओली माती.

"गोड वास येतो का?"

नाही म्हटलं.

"म्हणजे कुलंट नाही. नुसतं बोअरचं पाणी."

त्या बोटाचा वास पुढचे दोन दिवस माझ्या नाकातून गेला नाही.

मग गाडी चालू करायला लावली. उघड्या रेडिएटरमध्ये भाताच्या आधणासारखे बुडबुडे यायला लागले. इंजिन अजून गार होतं, तेव्हा ही उकळी नव्हती. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा सतरा-अठरा पटींनी दाबून इतकी तापवतात की डिझेल पडताच पेटतं. त्या स्फोटाचा दाब आणि शेजारून फिरणारं पाणी यांच्यामध्ये, खाली ब्लॉक आणि वर हेड यांच्या सांध्यात, असतं ते दीड-एक मिलिमीटरचं गॅस्केट. ते जळून फट पडली की स्फोटाचा वायू पाण्यात शिरतो आणि पाणी सिलिंडरमध्ये. पांढरा धूर म्हणजे कॅनमधलं पाणी सायलेंसरमधून बाहेर पडत होतं. मिस्त्रींनी ऑइलची पट्टी ओढून पाहिली. ऑइल काळंच होतं, दुधाळ नव्हतं. "चेंबर वाचला," म्हणाले.

गाडी टाटा 1613. नावातच 16 टन आणि 130 हॉर्सपॉवर. आतलं इंजिन 697: सहा सिलिंडर, प्रत्येकाचा बोअर म्हणजे व्यास 97 मिलिमीटर. इंजिनाच्या नावातच माप घालण्याची ही सोय मला फार आवडली. हे घराणं मर्सिडीजचं. 1954 ते 1969 टाटांचा डाइमलर-बेंझशी करार होता. त्याआधी 1945 साली कंपनी सुरू झाली ती वाफेची रेल्वे इंजिनं बनवायला. हे सांगितल्यावर मिस्त्री पहिल्यांदा हसले. त्यांचे वडील दौंड-बारामतीच्या छोट्या गाडीवर फायरमन होते. बॉयलरमध्ये कसलं पाणी घातलं, तो किती दिवसांनी धुतला, यावर घरात जेवतानाही बोलणं चालायचं. "आमच्याकडं पाण्यावरून भांडणं व्हायची, पण प्यायच्या नाही."

खोलण्याचं काम भराभर झालं: पाणी सोडलं, होज, मॅनिफोल्ड, डिझेलचे पाइप, नोझल, रॉकर. हाताखालच्या पोराने नव्या गॅस्केटच्या खोक्याच्या पुठ्ठ्याला बारा भोकं पाडली होती; त्यात एकेक पुशरॉड ओळीने उभा केला, खाली खडूने नंबर. ज्याचा त्याला गेला पाहिजे, कारण वर्षानुवर्षांची झीज जोडीजोडीने झालेली असते. हेडचे बोल्ट बाहेरून आत, थोडेथोडे ढिले केले. मग चेनकप्पी लावून हेड उचललं. बिडाचं ते अखंड धूड वर गेलं आणि शेडमध्ये जळक्या रबरासारखा वास भरला.

तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरच्या मधे गॅस्केटवर एक काळी वाट होती, मुंगीने काढल्यासारखी. मालक वाकून बघत राहिला. "एवढीच? एवढ्यासाठी दोन कॅन?"

मिस्त्रींनी त्याला उत्तर दिलं नाही. हेड उलटं करून पाण्याच्या भोकात तार घातली आणि खरवडली. पांढऱ्या खपल्या निघाल्या. अंड्याच्या टरफलासारख्या, काही नखाएवढ्या जाड. बोअरच्या पाण्यातला क्षार तापला की असा चिकटतो. घरच्या हीटरच्या कॉइलवर चढतो तोच. लोखंडाला पाण्याचा गारवा लागेनासा होतो, हेड तापतं, वाकतं, आणि मग गॅस्केट जळतं. खपल्यांचा छोटा ढीग त्यांनी मालकाच्या तळहातावर ठेवला. त्याने तो थोडा वेळ धरला आणि कडुनिंबाखाली झटकला.

"बारा लाखात एकदाही हेड खोललं नव्हतं," तो मला म्हणाला.

तो चहा सांगायला गेल्यावर मिस्त्रींनी मला जवळ बोलावलं. ब्लॉकच्या कडेला लाल सोल्युशनचा वाळलेला ओघळ होता आणि हेडच्या कोपऱ्यात छिन्नीची खूण. आधी कुणीतरी घाईत खोललेलं होतं. कदाचित दोनदा. मीटरचा काटा तर केव्हाच मेलेला. मिस्त्री काही बोलले नाहीत, फक्त बोट त्या खुणेवरून फिरवलं. मालक खोटं बोलत होता असं मला वाटत नाही. गाडी त्याने सेकंडहँड घेतलेली; बारा लाख हा आकडा त्याला गाडीबरोबरच मिळाला असणार.

हेडवर सरळ पट्टी ठेवून खाली फिलर गेजचं पान सरकवलं. मधे सहज शिरलं. शिरूरला मशीनवर फेसिंग मारून आणावं लागणार होतं, म्हणजे आजचा दिवस गेला. मालकाचा चेहरा उतरला. तोडणीची टोळी फडात बसून होती, मुकादमाचे फोन येत होते. तोडलेला ऊस वाळला की वजन घटतं आणि शेतकरी त्याच्या नावाने ओरडतो. "पेपर मारून बसवा ना, मिस्त्री. सीझनपुरतं."

"मग आजच दुसरं गॅस्केटबी घेऊन ठेवा."

या एका वाक्यानंतर मी पूर्णपणे मिस्त्रींच्या बाजूने होतो, हे कबूल करतो.

हेड शिरूरला गेलं आणि पोरगा ब्लॉक साफ करायला बसला. जुन्या गॅस्केटचा चिकटलेला चुरा पत्तीने खरवडायचा, फुंकर मारायची, पुन्हा खरवडायचं. जुन्या काळच्या गॅस्केटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस सर्रास असे. मी त्याला तोंडाला रुमाल बांध म्हटलं. त्याने बांधला, आणि मी वळताच गळ्यात ओढला. बोल्टच्या प्रत्येक भोकात चिंधी घालून त्याने ऑइल टिपून काढलं. तळाशी ऑइल राहिलं तर बोल्ट आवळताना ते दबायला जागा नसते आणि ब्लॉक तडकतो. हे त्याने मला सांगितलं, मी न विचारता, थोड्या तोऱ्यात.

दुसऱ्या दिवशी दुपारी हेड बसलं. मिस्त्रींनी कपाटातून जुन्या धोतरात गुंडाळलेला टॉर्क पाना काढला. मधल्या बोल्टपासून बाहेर, गोल गोल, तीन फेऱ्या. मालक म्हणाला, एवढ्या वर्षांच्या हाताला कळत नाही का?

"कळतं. पण सकाळचा हात वेगळा असतो, संध्याकाळचा वेगळा."

टॅपेट सेट केले, डिझेलची एअर काढली, कुलंट भरलं. सेल्फ मारला. दोन भपके, मग आवाज धरला. तिघेही रेडिएटरवर वाकलो. हिरवं पाणी सावकाश फिरत होतं; एकही बुडबुडा नाही. गाडी तापू दिली, गार होऊ दिली, बोल्ट पुन्हा एकदा आवळले.

"पाचशे किलोमीटरनं परत या. पुन्हा बघायचेत."

"येतो की," मालक म्हणाला.

पैसे मोजून झाले. शेजारच्या हॉटेलवाल्याला तो सांगत होता, बारा लाख पळालीय, आता अजून तेवढीच पळंल. बोलताबोलता केबिनमागचे दोन्ही निळे कॅन त्याने सोडले, हॉटेलच्या बोअरच्या नळाखाली एकामागून एक भरले आणि पुन्हा दोरीने घट्ट बांधले.

मिस्त्रींनी ते पाहिलं. टॉर्क पाना धोतरात गुंडाळत होते, गुंडाळत राहिले.