जाळे तुटले की चित्रफीत का थांबते?

पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो. त्यातच इंटरनेट गेले, तर संगणकात ‘ठेवलेला’ चित्रफितीचा पाठही चालेनासा होतो. असे का व्हावे?

पडद्यावर नाव दिसते म्हणून फाइल तेथे असतेच असे नाही. ते नाव कधी नुसता पत्ता असते. आपण ‘प्रॉपर्टीज’मध्ये आकार पाहू. चित्रफीत कित्येक मेगाबाइटची असते. आकार एकदोन किलोबाइटच असेल, तर तो पत्ता समजावा.

आकार पुरेसा असेल, तर स्थान पाहू. दोन तिरप्या रेघांनी सुरू होणारे स्थान शाळेतीलच दुसऱ्या संगणकाचे असू शकते. तेथे इंटरनेट लागत नाही. तो संगणक आणि राउटर चालू हवेत. आवाज येतो पण चित्र दिसत नाही, तर दोष बहुधा जाळ्याचा नसून फाइल उलगडणाऱ्या कोडेकचा असतो.

२०१७ साली सुरू झालेल्या ‘दीक्षा’ अ‍ॅपमधील पाठ आधीच उतरवून ठेवता येतात. खात्रीसाठी मात्र जूनपूर्वी, इंटरनेट मुद्दाम बंद करून, पाठ शेवटपर्यंत चालवून पाहावा. सुरुवातीचा थोडा भाग तात्पुरता साठलेला असतो, त्यामुळे पहिल्या मिनिटावर विसंबू नये.