आवडत्या गायकाचे नवे भीमगीत निराश का करते?

मार्च संपत आला की भंडारा, साकोली, तुमसर, पवनीकडच्या वस्त्यांमध्ये मोबाईलवर नवी भीमगीते फिरू लागतात. ‘या जयंतीचे धमाकेदार गाणे’ अशी पाटी प्रत्येकावर असतेच. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत ती वाजतात, पोरे नाचतात, आणि बुद्धपौर्णिमा येईपर्यंत त्यांतले एखाद-दुसरे सोडले तर बाकीची कुणाला आठवत नाहीत. नवख्या गायकांचे असे झाले तर त्याचे फार कुणाला वाटत नाही. वाईट वाटते ते ज्यांच्या आवाजावर आपण वाढलो त्यांचे, किंवा त्यांच्याच घरातल्या पुढच्या पिढीचे गाणे ऐकून ‘हे काय काढले’ असे मनात येते तेव्हा.

मग उत्तरे तयार असतात. गायक थकला, पैशाच्या मागे लागला, समाजाला विसरला. विहाराच्या ओट्यावर बसून आम्हीही ही उत्तरे पुष्कळदा ऐकली आहेत. त्यांत काही खरे असेलही, पण ती अर्धवट आहेत. गायकाचा गळा बहुतेक वेळा होता तिथेच असतो. बदलली आहे ती गाणे तयार होण्याची रीत, आणि त्या बदलात आपण श्रोतेही सामील आहोत.

आधी भीमगीत कशासाठी जन्मले ते पाहू. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या शाहिरांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. समोरच्या माणसाला वाचता येत नव्हते, वर्तमानपत्र वस्तीत येत नव्हते. चवदार तळ्यावर काय झाले, काळाराम मंदिरापुढे काय झाले, गोलमेज परिषद म्हणजे काय, हे त्या माणसाला गाण्यातून आणि वगातून कळत होते. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२–२००४) हे याच रीतीतले सर्वांत मोठे नाव. विदर्भात नागोराव पाटणकरांसारख्या कवी-गायकांनी तेच काम कव्वालीच्या ढंगात केले. ऐकणाऱ्याला घरी जाताना काहीतरी नवीन कळलेले असले पाहिजे, ही त्या गाण्यांची पहिली अट होती. चाल सिनेमाची असली तरी चालत असे. शब्द मात्र कामाचे लागत.

आमच्या जिल्ह्याचेच उदाहरण घ्या. १९५४ च्या लोकसभा पोटनिवडणुकीत बाबासाहेब भंडारा मतदारसंघातून उभे होते आणि पराभूत झाले. ज्यांनी संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद सांभाळले, त्यांना या मतदारसंघाने निवडून दिले नाही. या एका घटनेवर केवढे गाणे उभे राहू शकते! पवनीच्या जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात प्राचीन स्तूप उजेडात आला, तोही आमच्याच जिल्ह्यात. पण गेल्या काही वर्षांत आमच्या कानावर आलेल्या नव्या गाण्यांत यातले काही आम्हाला भेटले नाही. भेटतात ते ‘वाघ’, ‘राजा’, ‘किंग’, ‘नाद’, ‘धिंगाणा’. बाबासाहेबांचा गौरव करायला हरकत कुणाचीच नाही, पण शंभर गाणी एकच विशेषण पुन्हा पुन्हा म्हणू लागली तर शंभरावे गाणे ऐकणाऱ्याला काय देणार?

ही घसरण कुठून सुरू झाली, याचे एक कारण फार कमी लोक बोलतात. ते आहे रात्रीचे कार्यक्रम कमी होणे.

आपल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर धान हाती येऊ लागले की मंडईचा हंगाम सुरू होतो. दंडार, खडी गंमत, तमाशा आणि आपल्या वस्त्यांत कव्वालीचा दुय्यम सामना. दोन पार्ट्या समोरासमोर. एकाने सवाल टाकायचा, दुसऱ्याने गाण्यातून जवाब द्यायचा. सवाल बुद्धचरित्रावरचा असे, पुणे करारावरचा असे, हिंदू कोड बिलावरचा असे. जवाब चुकला तर समोर बसलेली म्हातारी माणसे तोंडावर सांगत. एखादी ओळ पडली, तर कवी पुढच्या गावी ती बदलून आणत असे. हार्मोनियम, ढोलक, बेंजो आणि कोरस एवढ्या साहित्यावर गाणे पेलले नाही, तर ते पार्टी सोडून देई. म्हणजे ध्वनिमुद्रण होण्याआधी गाण्याची परीक्षा अनेक गावांत, अनेक रात्री होऊन जात असे. कॅसेटवर आले ते परीक्षेत टिकलेले गाणे होते.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद केले. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या नियमांच्या काटेकोर अंमलबजावणीचा आदेश दिला. सण-उत्सवांसाठी राज्य सरकारला वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते, आणि अनेक जिल्ह्यांत त्यात भीमजयंतीचा दिवस असतो. नियम वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. आजारी माणसाला, परीक्षेच्या पोरांना झोप लागते. पण पहाटेपर्यंत चालणारा सामना दहाच्या ठोक्याला बसू लागला. जेवणखाण आटोपून माणसे जमायची तीच नऊला, मग सवाल कधी पडायचा आणि जवाब कधी यायचा? शिवाय मंडळांनी वर्गणीचा पैसा हळूहळू डीजेकडे वळवला. कव्वालीच्या पार्टीला द्यायला शेवटी काय उरते, हे मंडळात हिशेब लिहिणाऱ्याला विचारावे.

जुने सगळे सोने होते, असेही नाही. कॅसेटचा काळ आठवताना आपण फार हळवे होतो. साठ मिनिटांच्या कॅसेटीला दोन बाजू, म्हणजे आठ-दहा गाणी भरावी लागत. दोन-तीन जिवाला लागणारी आणि बाकी जागा भरायला, असा हिशेब तेव्हाही होता. सिनेमाचे गाणे गाजले की महिनाभरात त्याच चालीवर भीमगीत बाजारात येई. प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजात भीमगीते होती तशी विठ्ठलाचीही गाणी होती, आणि बावीस प्रतिज्ञांची आठवण काढून त्यावर नाराज होणारी माणसे आमच्या वस्त्यांत तेव्हाही होती. तरी त्यांची भीमगीते वाजणे थांबले नाही. वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे दोघेही २००४ मध्ये, दीडेक महिन्याच्या अंतराने गेले. तेव्हा कॅसेटही जवळजवळ संपत आली होती.

तिच्यामागून आली एमपीथ्री सीडी. एका चकतीवर शंभरावर गाणी, दीक्षाभूमीच्या बाहेरच्या दुकानांत स्वस्तात. घेणाऱ्याला आनंदच झाला, पण त्या चकतीवर कवीचे नाव छापायला जागा नव्हती. कॅसेटच्या कागदावर गायक, गीतकार, संगीतकार असे वेगवेगळे लिहिलेले असे. एमपीथ्रीवर उरला गायकाचा फोटो. पुढे चौकातल्या मोबाईल दुकानातून मेमरी कार्डात गाणी भरून मिळू लागली, तेव्हा तो फोटोही गेला. आता यूट्यूब. ‘अल्बम’ हा शब्द आपण अजून वापरतो, पण प्रत्यक्षात येते एकेकटे गाणे. पूर्वी आठ गाण्यांत एक फसले तर बाकीची सात सांभाळून घेत. आता एकच येते आणि तेच फसते, त्यामुळे निराशा मोठी वाटते.

एकेकटे गाणे तयार कसे होते तेही पाहण्यासारखे आहे. जयंतीला दोन-अडीच महिने राहिले की घाई सुरू होते. संगीत आधी संगणकावर तयार, त्याला ‘ट्रॅक’ म्हणतात. त्यात बसतील असे शब्द कुणीतरी लिहून व्हॉट्सअॅपवर पाठवतो. गायक येतो, एकेक ओळ तुकड्यातुकड्याने गातो, सूर थोडा हलला तर ऑटोट्यून सरळ करते. ढोलकवाला समोर नाही, कोरस समोर नाही, श्रोता तर नाहीच. मंचावर हाच गायक समोरच्या बाईच्या डोळ्यात पाणी दिसले की ओळ पुन्हा घेतो, ताणतो, थांबतो. काचेच्या खोलीत तो कुणासाठी थांबणार?

वर हे गाणे डीजेच्या भिंतीवर वाजायचे असते. त्या भिंतीची सारी ताकद खालच्या ठोक्यात, म्हणजे छातीत धडधडणाऱ्या आवाजात. माणसाचे शब्द त्याहून वरच्या पट्टीत असतात. ठोका वाढवत नेला की शब्द झाकले जातात, हे ध्वनीचे साधे शास्त्र आहे. शब्द ऐकूच जाणार नसतील तर त्यांवर मेहनत कोण घेईल? त्यात स्पॉटिफायसारख्या ठिकाणी गाणे तीस सेकंद ऐकले गेल्यावरच ते ‘ऐकले’ असे मोजले जाते. म्हणून घोषणा आणि ध्रुवपद अगदी सुरुवातीला आणायचे. प्रसंग हळूहळू उलगडणारे कथागीत या मापात बसत नाही.

हे फक्त आपल्याच गाण्यांचे झाले असे नाही. अमेरिकेत अन्यायाविरुद्धच्या गाण्यांनी नावारूपाला आलेल्या बॉब डिलनचा ‘सेल्फ पोर्ट्रेट’ हा अल्बम १९७० मध्ये आला, तेव्हा चाहते हबकले. ग्रील मार्कस या नामवंत समीक्षकाने परीक्षणाची सुरुवातच शिवी देऊन केली. पुढे २०१३ मध्ये त्याच काळातल्या ध्वनिमुद्रणांचा वेगळा संच निघाला. त्यातल्या कित्येक गाण्यांवर नंतर चढवलेली वाद्यांची आणि कोरसची थरे काढून टाकली होती. ऐकणाऱ्यांचे मत पालटले, आणि त्या संचासोबतचे टिपण लिहायला बसले ते तेच मार्कस. गळा तोच, दिवसही तेच. वर चढवलेला थर काढल्यावर गाणे दिसले. आपल्याकडे मात्र एक अडचण अधिक आहे. थर काढल्यावर खाली शब्दही चांगले निघायला हवेत.

नवे ते सगळे वाईट, असे म्हणणाऱ्यांशी आमचे जमत नाही. २०१९ मध्ये बाबासाहेबांवरची दूरचित्रवाणी मालिका आली तेव्हा आदर्श शिंदे यांनी गायलेले तिचे शीर्षकगीत घराघरांत पोहोचले. ते आधुनिक स्टुडिओतलेच होते. दुसऱ्या टोकाला कडूबाई खरात. हातात एकतारी, मागे ट्रॅक नाही, मोबाईलवर काढलेली साधी चित्रफीत, आणि गाणे महाराष्ट्रभर गेले. ही दोन उदाहरणे समोर ठेवली तर दोष यंत्राचा नाही हे उघड होते. दोन्हीकडे शब्द नीट ऐकू येतात आणि गायकाला आपण काय म्हणतो आहोत हे ठाऊक असल्याचे जाणवते. शाहीर विठ्ठल उमपांचे २६ नोव्हेंबर २०१० रोजी नागपुरात दीक्षाभूमीवर, कार्यक्रमाच्या मंचावरच निधन झाले. एकोणऐंशी वर्षांचा माणूस शेवटच्या दिवशीही श्रोत्यांसमोर उभा होता. वयाने गाणे थकते, ही सबब त्यांच्यापुढे टिकत नाही.

आता कवीकडे येऊ, कारण आमच्या मते खरी दुखरी जागा तिथे आहे. भीमगीत लिहिणारा माणूस बहुतेकदा शेतमजूर, विडी कामगार, मास्तर किंवा रेल्वेतला कामगार. त्याने वही गायकाला दिली, मानधन मिळाले तर मिळाले, नाव छापले तर छापले. परिणामी चांगले लिहिणाऱ्याने पुन्हा लिहावे असे काही उरले नाही, आणि ट्रॅकवर शब्द बसवणारे पुढे आले. कायदा मात्र कवीच्या बाजूने आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांनी हक्क कंपनीला लिहून दिले असले, तरी गाण्याच्या वापरातून येणाऱ्या स्वामित्वधनात समान वाटा मागण्याचा त्यांचा हक्क कायम राहतो. हा हक्क कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो, म्हणजे वामनदादांच्या गीतांवर तो २०६४ अखेरपर्यंत आहे. आपल्या रचनेचा कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा हक्क तर वेगळाच. जुन्या गाण्याची नवी आवृत्ती काढायची असेल तर मूळ ध्वनिमुद्रणाला पाच वर्षे झालेली असावी लागतात, आधी कळवावे लागते, पैसे भरावे लागतात आणि शब्दांत मनमानी फेरफार करता येत नाही. या अटी किती जण पाळतात ते जयंतीच्या आठवड्यात कान देऊन ऐकावे. वामनदादांची ओळ, खाली भलत्याचे नाव.

पण हक्क मागायला गाणे कुणाचे हे सिद्ध करावे लागते, आणि पुरावा बहुधा एकाच ठिकाणी असतो: जुन्या कॅसेटीच्या डबीतल्या त्या घडी घातलेल्या कागदावर. आपल्या जिल्ह्यात कित्येक घरांत अशा कॅसेटी पेटीत, माळ्यावर, धानाच्या कोठीमागे पडून आहेत. पावसाळ्यात फितीवर बुरशी धरते, फीत थराला थर चिकटते. ज्यांच्याकडे असतील त्यांनी ती घाईने टेपमध्ये घालून वाजवू नये. बुरशी दिसत असेल तर जाणकाराला दाखवावी. दिसत नसेल तर फीत एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळून घ्यावी, मगच वाजवून संगणकावर उतरवावी. त्याआधी डबीतल्या कागदाचे दोन्ही बाजूंनी, दिवसाच्या उजेडात, अक्षर स्पष्ट दिसेल असे फोटो काढून ठेवावेत. आवाज दुसऱ्या घरच्या कॅसेटीवरही मिळू शकेल. कवीचे नाव कदाचित तेवढ्या एकाच कागदावर असेल.