गावाला उत्तर देणारा वर्ग

‘पत्रकारिता ही काय कॉलेजात शिकायची गोष्ट आहे? चार वर्षं डेस्कवर घास, आपोआप येईल,’ असं ऐकवणारे संपादक आपल्याकडे अजूनही भेटतात. सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतले संपादकही हेच म्हणायचे. गंमत अशी, की त्यांना खोटं पाडणारा माणूस स्वतः कधी कॉलेजात गेलाच नव्हता. वॉल्टर विल्यम्स पोरवयात छापखान्यात उमेदवारीला लागले, पुढे ‘कोलंबिया हेरल्ड’चे संपादक झाले आणि १९०८ मध्ये मिसूरी विद्यापीठाच्या पत्रकारिता विद्यालयाचे पहिले अधिष्ठाता. १९३१ मध्ये तर ते त्याच विद्यापीठाच्या अध्यक्षपदी बसले.

(हे कोलंबिया न्यूयॉर्कचं नव्हे, मिसूरी राज्यातलं एक शहर. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातलं विद्यालय जोसेफ पुलित्झर यांच्या देणगीतून १९१२ मध्ये उघडलं, तेव्हा ते जाऊन वर्ष होत आलं होतं. या नावांच्या घोळात भलेभले फसतात.)

संपादकांचं म्हणणं विल्यम्स यांना एका अर्थी मान्यच होतं. बातमीदारी कचेरीतच शिकता येते ना, मग कचेरीच वर्गात आणू. १४ सप्टेंबर १९०८ रोजी तास सुरू झाले आणि त्याच दिवशी ‘युनिव्हर्सिटी मिसूरियन’चा पहिला अंक बाहेर पडला. आज त्याचं नाव ‘कोलंबिया मिसूरियन’. नावात काही असो, हा कॉलेजचा वार्षिक अंक नाही, की भिंतीवरचं हस्तलिखितही नाही. नगर परिषदेची बैठक, शाळांचा कारभार, पोलीस, कोर्ट या सगळ्या बीट विद्यार्थी सांभाळतात. प्राध्यापक हेच संपादक. त्यामुळे कच्ची बातमी आली की गुण कापले जात नाहीत, बातमी परत येते: दुसरी बाजू कुठे आहे, आकडा कुणी दिला, नाव नीट लिहिलंय का?

नावाचंच घ्या. परीक्षेच्या पेपरात आडनाव चुकलं तर अर्धा गुण जातो. इथे चुकलं तर ज्याचं आडनाव तो माणूस दोन गल्ल्या पलीकडे राहतो आणि सकाळी त्याच्या हातात अंक असतो. त्यात शहरात ‘कोलंबिया डेली ट्रिब्यून’ हा जुना प्रतिस्पर्धी. बातमी हुकली की ती तिथे छापून आलेली दिसणार. ही धास्ती कुठलंही पाठ्यपुस्तक देऊ शकत नाही. ‘मिसूरी पद्धत’ म्हणून जिचा गाजावाजा होतो, ती माझ्या मते एवढीच आहे: शिकाऊ माणसाच्या चुकीला खरा वाचक मिळवून देणं.

१९५३ मध्ये हीच रीत टीव्हीवर आली. ‘केओएमयू’ हे विद्यापीठाच्या मालकीचं, एनबीसीशी जोडलेलं व्यावसायिक केंद्र. जाहिराती मिळवायच्या, प्रेक्षक टिकवायचे आणि शिकाऊ पोरांच्या हाती माइकही द्यायचा. त्यांचं अडखळणं मध्य मिसूरीतली घरं जेवता जेवता पाहतात. शोधपत्रकारांच्या ‘आयआरई’ या संघटनेचं मुख्यालय इथलं, १९४४ पासूनची वर्षातल्या उत्तम छायाचित्रांची स्पर्धाही इथलीच.

जगातलं पहिलं पत्रकारिता विद्यालय, असा मिसूरीचा दावा. पॅरिसवाले लगेच आपलं १८९९ पुढे करतात. हा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. विद्यालयाची माणसं कुठवर पोचली हे अधिक बोलकं आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात चीनमधल्या इंग्रजी पत्रांत मिसूरीवाले इतके, की त्या गोतावळ्याला ‘मिसूरी माफिया’ हे नाव पडलं. विद्यालयाच्या कमानीपाशी बसलेले दगडी सिंह चीनकडूनच १९३१ मध्ये भेट आले. आपल्यापर्यंतही एक धागा येतो. १९४१ मध्ये लाहोरला पंजाब विद्यापीठात पत्रकारितेचा विभाग उभा करणारे प्रा. पी. पी. सिंग मिसूरीत शिकलेले. फाळणीनंतर तो विभाग आधी दिल्लीत आणि मग चंदीगडला गेला.

विल्यम्स यांनी १९१४ च्या सुमारास पत्रकाराचं व्रत म्हणावं असं एक निवेदन लिहिलं. वर्तमानपत्र ही जनतेची ठेव आहे, असा त्याचा गाभा. वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबात ते ब्राँझच्या पाटीवर कोरलेलं आहे. पण ज्या विद्यालयाने ते जगाला दिलं, त्याच्याच दारात ते उघडं पडलं.

ल्युसिल ब्लुफर्ड ‘कॅन्सस सिटी कॉल’ या कृष्णवर्णीयांच्या पत्रात संपादक होत्या. १९३९ मध्ये त्यांनी पदव्युत्तर वर्गासाठी टपालाने अर्ज केला आणि तो मंजूरही झाला. नाव नोंदवायला त्या समोर येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा विद्यापीठाला त्यांचा वर्ण दिसला. प्रवेश नाकारला गेला. त्या पुन्हा आल्या, पुन्हा आल्या, एकूण अकरा वेळा. कोर्टकचेऱ्या झाल्या. अखेर १९४२ मध्ये कृष्णवर्णीयांच्या लिंकन विद्यापीठात वेगळा पत्रकारिता विभाग काढण्यात आला आणि मिसूरीने युद्धामुळे विद्यार्थी नाहीत असं सांगून पदव्युत्तर वर्गच बंद केला. बातमीत असं कारण लिहून आणलं असतं, तर इथल्याच डेस्कने ते परत पाठवलं असतं.

१९८९ मध्ये मिसूरी विद्यापीठाने ब्लुफर्ड यांना मानद डॉक्टरेट दिली. तेव्हा त्या ७७ वर्षांच्या होत्या, आणि ‘कॉल’मध्ये त्यांची पन्नासहून अधिक वर्षं झाली होती.